एसी गळतोय, पण नेमकं काय गळतंय?

श्रोतेहो, नमस्कार.

"एसी लीक झालाय" असा फोन गेला की जाणता मेकॅनिक आधी विचारतो: पाणी की गॅस? दोन्हींची कारणं वेगळी, दुरुस्ती वेगळी, आणि खर्च तर फारच वेगळा.

आधी पाणी. हवेतला दमटपणा आतल्या युनिटमधल्या नळ्यांच्या गार कॉइलवर जमतो, खालच्या ट्रेमध्ये ठिबकतो आणि ड्रेन पाइपमधून बाहेर जातो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. घरगुती स्प्लिट एसीत हे पाणी ढकलायला सहसा पंप नसतो, ते नुसतं उतारावर वाहतं. पाइपात धूळ आणि बुळबुळीत गाळ साचला की ट्रे भरतो आणि भिंतीवर ओघळ येतात. कधी पाइप साफ असतो, पण त्याचं टोक गॅलरीतल्या बादलीत बुडालेलं असतं. मग आतली हवा कोंडते आणि पाणी मागे तुंबतं. टोक बादलीच्या काठाशी बांधा, पाण्यात सोडू नका. सर्व्हिसिंगच्या वेळी ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओतायला सांगा. बाहेर सरळ धार लागली तर ठीक. थेंब थेंब आलं तर पाइप तुंबलाय.

भिंतीतून बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या नळीवरचं काळं फोम फाटलं, तरी तिथे दव धरून ठिबकतं. ती गळती नव्हेच. फोम बदललं की काम झालं.

आता बर्फ. हवा गाळणारी जाळी धुळीने बुजली की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल शून्याखाली उतरते आणि त्यावर बर्फ धरतो. एसी बंद केल्यावर तो एकदम वितळतो आणि ट्रेच्या बाहेर सांडतो. अशा वेळी कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. बर्फ सुरीने खरवडू नका, पातळ कॉइलला भोक पडायला एक ओरखडा पुरतो. बर्फ गेल्यावर मेन स्विच बंद करून जाळी धुवा, वाळवा, बसवा. तरीही पुन्हा बर्फ धरला, तर गॅस कमी असल्याची शंका घ्या.

गॅस मात्र स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठून तरी गेलाय. दरवर्षी उन्हाळ्यात "गॅस संपला, भरून देतो" हे ऐकून पैसे मोजणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून गळतीच्या जागी बहुधा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. पहिला संशय नळ्यांच्या टोकाच्या फ्लेअर नटवर, म्हणजे नळी युनिटला जोडणाऱ्या नटवर घ्यावा. समुद्राची खारी हवा किंवा नाल्याचा सडका वायू लागणाऱ्या घरांत कॉइललाच बारीक भोकं पडतात.

गळती शोधायला नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन, सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे. गळती बुजवायची, नळ्यांतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून घ्यायची, आणि मगच गॅस भरायचा, तोही वजनकाट्यावर. किती ग्रॅम भरायचा ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. "प्रेशर बघून भरला" हे उत्तर पुरेसं नाही. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो. त्याला वास नाही, तो हवेपेक्षा जड आहे आणि थोडा ज्वलनशीलही. खोलीत गळतीचा संशय आला तर खिडक्या उघडा, उदबत्ती-काडी पेटवू नका. आणि नळीला डाग द्यायचा, म्हणजे ती ज्योतीने तापवून जोडायची असेल, तर आधी आतला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा, हवेत सोडू देऊ नका. एक किलो आर-३२ शंभर वर्षांच्या हिशेबात ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.