सही आपली, मुदत त्यांची

(बेळगाव परिसरात को-वर्किंग ऑफिस चालवणाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमाराला पोस्टमन येतात. पाकिटं टेबलावर ठेवतात, मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "अक्का, सही माड्री." टेबलावर जी मुलगी असेल ती बोटानं सही करते. फोन वाजत असतो, कुणीतरी वायफायचा पासवर्ड विचारत असतं. सगळं मिळून अर्धं मिनिट. मला आज त्या अर्ध्या मिनिटाबद्दलच बोलायचंय.

आपण समजतो की आपण खुर्ची-टेबल, इंटरनेट आणि चहा भाड्यानं देतो. माझ्या टिळकवाडीतल्या जागेत असे कितीतरी सभासद आहेत जे महिन्यात एकदाही येऊन बसत नाहीत. कुणाची उद्यमबागेत शेड आहे, कुणाचा वडगावला साड्यांचा व्यापार आहे, एक मुलगा खानापुरातल्या घरी बसून सॉफ्टवेअर लिहितो. हे लोक पैसे देतात ते पत्त्याचे. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १२ सांगतं की कंपनीचं नोंदणीकृत ऑफिस आलेली पत्रं आणि नोटिसा घेऊन त्यांची पोच देऊ शकेल असं हवं. आपला पत्ता त्या कागदावर लिहिला गेला की पोच द्यायचं काम आपल्या टेबलावर येतं.

तीन वर्षांपूर्वी हे काम आमच्याकडून चुकलं. गणपतीचे दिवस होते, अर्धा स्टाफ सुट्टीवर. वडगावच्या त्या साडीवाल्या सभासदांच्या नावानं एक पाकीट आलं, सही झाली, आणि ते कुरियरच्या एका मोठ्या पिशवीखाली गेलं. अकराव्या दिवशी झाडताना सापडलं. आत चेक न वटल्याची वकिली नोटीस होती. असा चेक परत आला की, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. त्यानंतर समोरच्याला कोर्टात जाता येतं. त्यांना मिळायचे १५, आम्ही हातात ठेवले ४. त्यांनी मेहुण्याकडून पैसे उभे केले आणि शेवटच्या दिवशी भरले. माझ्याकडे येऊन आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "ताई, सही कुणाची होती?" सही आमचीच होती. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते. सही झाली त्या क्षणी सभासदाची मुदत मोजायला सुरुवात होते, त्याला पाकीट कधी दिसलं याला फारशी किंमत नाही. जीएसटीची नोंदणी रद्द का करू नये अशी नोटीस आली तर उत्तराला कामाचे ७ दिवस मिळतात. त्यातले तीन आपल्या ड्रॉवरमध्ये गेले तर त्या माणसाच्या सीएनं करायचं काय? जीएसटीच्या बहुतेक नोटिसा आता पोर्टलवर आणि ईमेलवर येतात, ते खरं आहे. पण कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस पोचवण्याचे जे मार्ग दिलेत, त्यांत पोस्ट आणि कुरियरही आहेत.

काही सभासद सांगतात, "मॅडम, वकिलाचं पाकीट आलं तर घेऊच नका, परत पाठवा." अजिबात करू नका. बरोबर पत्त्यावर पोस्टानं पाठवलेलं पत्र घ्यायला नकार दिला, तरी ते पोचलं असंच कोर्ट सहसा धरतं. म्हणजे मुदत सुरूच होते, फक्त आत काय लिहिलंय ते माणसाला कळत नाही.

मग आम्ही काय बदललं? एक जाड पुठ्ठ्याचं आवक रजिस्टर आणलं. तारीख, वेळ, पाठवणारा, स्पीड पोस्टचा तेरा अक्षरी नंबर, सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, सभासदाला कळवल्याची वेळ, नेणाऱ्याची सही. कॉम्प्युटरवर शीटही आहे, पण पोस्टमन उभे असताना हात वहीकडेच जातो. रजिस्टरचा जीव "कळवल्याची वेळ" या रकान्यात आहे. तो रिकामा असेल तर संध्याकाळी टेबल सोडायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत सही कोण करणार, तेही भिंतीवर लिहिलेलं आहे.

कळवायचं ते पाकिटाच्या बाहेरच्या बाजूचा फोटो काढून, आणि त्या एकट्या सभासदालाच. आमच्या एका मुलीनं चांगल्या मनानं तो फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. कोपऱ्यात कर खात्याचा शिक्का. दुपारपर्यंत दोन पुरवठादारांनी त्या माणसाला फोन करून उधारीबद्दल विचारलं. बेळगाव केवढं आहे तुम्हाला माहीत आहे, इथे बातमी गणपत गल्लीतून निघून चहा संपायच्या आत अनगोळला पोचते.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. चौगुले हे नाव इंग्रजीत चार जण चार तऱ्हेनं लिहितात. पाटील तर माझ्याकडेच सहा आहेत. त्यात सरकारी पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कन्नडमध्ये. "वाणिज्य तेरिगे" असं छापलेलं दिसलं की ते विक्रीकर-जीएसटीचं खातं, तेरिगे म्हणजे कर, एवढं टेबलावरच्या प्रत्येकाला वाचता आलंच पाहिजे. आम्ही प्रत्येक सभासदाचं नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीत लिहून घेतो, इंग्रजीतल्या सगळ्या स्पेलिंगांसह. ज्याला कन्नड येत नाही त्याला ते पाकीट बिलाच्या पाकिटासारखंच दिसतं, आणि तो म्हणतो, "राहू दे, शनिवारी नेतो."

चंदगडचे एक काजूवाले आमचे सभासद आहेत. घर आणि कारखाना महाराष्ट्रात, विक्री बरीचशी बेळगावात. जीएसटीची नोंदणी राज्यवार असते, म्हणून त्यांच्याकडे दोन नंबर आहेत, २७ नं सुरू होणारा महाराष्ट्राचा आणि २९ नं सुरू होणारा कर्नाटकचा. पिनकोडही दोन, तिकडे ४१६ चा, इकडे ५९० चा. (ही पिनकोडची पद्धत १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या कोकणातल्या माणसानं बसवून दिली, हे मला फार उशिरा कळलं आणि फार बरं वाटलं.) कर्नाटकचं टपाल आलं की आम्ही त्यांना फोटो तर पाठवतोच, वर फोनही करतो. ते गाडीनं तासाभरात येतात. पाकीट उघडून, स्कॅन करून पाठवायचं असेल तर त्यांची लेखी परवानगी फाइलला आहे. ज्यांची नाही, त्यांच्या पाकिटाच्या चिकटपट्टीला आम्ही हात लावत नाही. बँकेची पाकिटं, म्हणजे चेकबुक किंवा कार्ड, परवानगी असली तरी उघडत नाही. ती कुलुपात जातात आणि ओळखपत्र बघूनच बाहेर येतात. भाऊ आला, ड्रायव्हर आला, तरी अधिकारपत्र हवं. लोक रागावतात. रागावू द्या.

सोडून गेलेल्या सभासदांचं टपाल हा सगळ्यात अवघड भाग. करार संपतो, माणूस जातो, पत्ता मात्र सगळ्या सरकारी कागदांवर आपलाच राहतो. जीएसटीत पत्ता बदलल्यापासून १५ दिवसांत अर्ज करायचा असतो, तो कित्येक जण करत नाहीत. म्हणून करार संपायच्या दोन महिने आधी आम्ही त्यांना यादी देतो: जीएसटी, कंपनी रजिस्ट्रार, बँक, विमा. बदल केल्याची पोच दाखवली की डिपॉझिट परत. गेल्यानंतर आलेल्या पाकिटावर सही करायची नाही. "पत्ता सोडून गेले" असं सांगून पोस्टमनकडे परत द्यायचं, आणि त्याच दिवशी जुन्या नंबरवर फोन करून ते कुणाकडून आलं होतं ते सांगायचं. पैसे थांबले तरी एवढा एक फोन आपण त्यांना देणं लागतो असं मला वाटतं.

रजिस्टरच्या कोऱ्या पानाच्या आणि परवानगीपत्राच्या झेरॉक्स मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. परवानगीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत आहे. जाताना घेऊन जा.