हप्ता थकल्यावर येणारा तो फोन

श्रोतेहो, नमस्कार.

भोसरीच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद होतो, घरात कुणाचं ऑपरेशन निघतं, हिंजवडीतली नोकरी एका ईमेलवर जाते आणि महिन्याचा हप्ता चुकतो. एक चुकला की दुसरा चुकतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी फुगत जाते, वसुलीचे फोन सुरू होतात. नेमकी त्याच दिवसांत मोबाइलवर जाहिरात दिसते : 'निम्म्या रकमेत सेटलमेंट, वसुलीवाल्यांचा त्रास कायमचा बंद.' नाहीतर थेट फोनच येतो. खचलेल्या माणसाला वाटतं, देवच धावून आला. आज या धावून येणाऱ्यांबद्दल बोलायचं आहे, कारण अडलेल्या माणसाच्या खिशातले उरलेसुरले पैसे काढून घेण्याइतकं हीन काम दुसरं नाही.

त्यांची रीत साधारण ठरलेली असते. आधी 'रजिस्ट्रेशन फी' नाहीतर 'लीगल फी'. मग सल्ला सुरू : बँकेचे हप्ते भरू नका, बँकेचा फोन उचलू नका, दरमहा आमच्या खात्यात पैसे टाका, रक्कम साठली की आम्ही बँकेशी बोलू. प्रत्यक्षात काय होतं? थकबाकी नव्वद दिवसांच्या पुढे गेली की कर्ज एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात बुडीत खात्याकडे झुकलेलं, होतं. दंड वाढत राहतो. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला, तर चेक न वटल्यावर होते तशीच फौजदारी तक्रार होऊ शकते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि नोटीस येते ती तुमच्या नावाने. फी घेणाऱ्याचं नाव कर्जाच्या एकाही कागदावर नसतं.

याहून उघडी फसवणूक म्हणजे 'कर्जमाफीचं प्रमाणपत्र'. फी भरा, आम्ही प्रमाणपत्र देतो, मग बँकेला काही देणं लागत नाही, असं सांगणारे लोक निघाले. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला, की असं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार या लोकांना नाही. तसंच 'सिबिल', म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद, 'क्लीन करून देतो' हेही. सिबिलमधली खरी नोंद पैसे घेऊन कुणालाही पुसता येत नाही. चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला तुम्ही स्वतः तक्रार करू शकता आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. वर्षातून एकदा पूर्ण अहवालही फुकट मिळतो.

'आमच्याकडे वकिलांची टीम आहे' हे ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. पण आपल्या देशात वकिलाला स्वतःची जाहिरात करून पक्षकार मिळवायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. तेव्हा रील करून कर्जमुक्तीची हमी देणारा वकील दिसला, तर तिथेच सावध व्हा.

कर्ज आणि कागद यांचं नातं पुणे जिल्ह्याला नवं नाही. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी वह्या नि कर्जरोखे जाळले. ज्या कागदावर आपण अंगठा दिला त्यात काय लिहिलंय, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पुढे १८७९ चा कायदा आला. त्यात रोख्यांची नोंदणी आली आणि भरलेल्या पैशाची पावती मागण्याचा हक्क आला. आपल्याला वाचता येतं. म्हणून मी आग्रहाने सांगते : बँकेशी जे ठरेल ते लेखी घ्या.

तर खरी मदत कुठे मिळेल? सगळ्यात आधी ज्या शाखेतून कर्ज घेतलं तिथेच. लाज बाजूला ठेवून जा. उत्पन्न का घटलं, आता दरमहा किती भरता येईल, हे एका अर्जात लिहा, सोबत पगाराची स्लिप किंवा दवाखान्याची बिलं जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागता येतो. सेटलमेंटसुद्धा बँक स्वतः करते, मध्यस्थ लागत नाही. मात्र त्याची नोंद सिबिलमध्ये राहते आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हे जाणून मग ठरवा. पैसे भरण्याआधी मंजुरीचं पत्र आणि भरल्यावर 'नो ड्यूज' दाखला, या दोन्हींशिवाय काउंटर सोडू नका.

वसुली एजंटाला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, यांची तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तेही फुकट. माहितीसाठी क्रमांक १४४४८. लोकपाल कर्ज माफ करत नाही, पण बँकेच्या वागणुकीचा जाब विचारतो.

प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं असेल, तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांनाही मिळतो. दावा दाखल होण्याआधीच बँकेशी तडजोड करायची असेल, तर लोकअदालत आहे, आणि तिथे कोर्ट फी नाही. दूरध्वनी १५१००.

खासगी सावकाराचं कर्ज असेल, तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात द्यायची. सावकाराने जमीन बळकावली असेल, तर ती परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

आणि ज्यांनी अशा एखाद्या 'कर्जमुक्ती'वाल्याला पैसे देऊन टाकले आहेत, त्यांनी गप्प बसू नये. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. व्यवहाराचा क्रमांक, चॅट आणि पावत्या जपून ठेवा, काहीही डिलीट करू नका. आपल्या बँकेलाही त्याच दिवशी कळवा, आणि उद्या सकाळी शाखा उघडली की हप्ता कमी करून मागण्याचा तो अर्ज घेऊन जा.