सातबाऱ्यावरचं नाव आणि खरा मालक

(दृश्य: दुय्यम निबंधक कार्यालय. अंगठे, फोटो, सह्या.)

दस्त नोंदवला गेला. घेणाऱ्याला वाटतं, सरकारी शिक्का बसला म्हणजे मालकी पक्की झाली. तसं नसतं. मुद्रांक शुल्क भरलंय का, सह्या करणारी माणसं तीच आहेत का, हे या कार्यालयात पाहतात. विकणारा खरोखर मालक आहे का, याचा निवाडा इथे होत नाही. ती खातरजमा घेणाऱ्यानेच करायची असते. आणि आपल्याकडे वकील आठवतो तो बहुधा इसार देऊन झाल्यावर.

(दृश्य: टेबलावर सातबारा. बोट एका ओळीवर थांबतं.)

जमीन महसूल संहितेप्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद, चुकीची ठरेपर्यंत, खरी धरली जाते. पण सातबारा म्हणजे मालकीचा दस्त नव्हे. न्यायालयांनी हे वारंवार सांगितलंय. म्हणून जाणता वकील सातबारा बाजूला ठेवून आधी जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, मागतो.

या नावापुढची अक्षरं पाहा: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं लागलंय, जमीन सगळ्या कुटुंबाची आहे. ज्या फेरफाराने हे नाव लागलं तो काढला की वारस सापडू लागतात. बहिणींची नावं पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेली असतात, तर कधी वारस नोंदीतून पार गाळलेली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं.

अशा वेळी 'बहिणींना दस्तात घ्या, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा' असं वकील म्हणाला की विकणाऱ्याला ती अडवणूक वाटते. घेणारा फसण्यापासून वाचतोच, पण जिला कुणी विचारलंच नव्हतं तिचा हिस्साही त्यातून राखला जातो. हे काम मोलाचं आहे.

'इतर हक्क' याच रकान्यात जमीन कसणाऱ्या कुळाचं नाव असू शकतं, बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा असू शकतो. वर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे विक्रीवर सरकारी अटी असलेली जमीन, असं लिहिलं असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय सहसा विक्री करता येत नाही.

(दृश्य: सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीतल्या नोंदी.)

मग येतो शोध, म्हणजे सर्च. साधारण ३० वर्षांच्या नोंदी चाळून खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं एकामागोमाग लावायची. साखळीतली एखादी कडी गळाली की थांबायचं. मूळ कागद डोळ्यांनी पाहायचे, छायाप्रतीवर भागवायचं नाही. मूळ दस्त बँकेत ठेवून कर्ज काढलेलं असू शकतं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि हरकतींची वाट पाहायची. फक्त कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे मालकाने दुसऱ्याला दिलेल्या अधिकारपत्रावर, जागा विकत असतील तर परत फिरावं. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. साठेखतानेही, म्हणजे पुढे विक्री करू अशा नुसत्या करारानेही, मिळत नाही. त्याला खरेदीखतच लागतं.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं थोडं सोपं आहे. बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे कागद बघायला मिळतात, आणि करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तरी करारनामा सहीआधी घरी नेऊन वाचायला हवा, आणि तो वाचणारा वकील आपला हवा, बिल्डरने सुचवलेला नको.

विकणाऱ्यालाही वकील लागतो. पूर्ण रक्कम खात्यात येण्याआधी ताबा सोडायचा का, एवढा एक प्रश्न त्याने वेळेवर विचारला तरी पुष्कळ झालं.

(दृश्य: जुनी इमारत. गच्चीत सभासदांची बैठक.)

पुनर्विकासात मात्र पणाला लागतं ते राहतं घर. विकसन करारनाम्यासोबत बहुतेकदा कुलमुखत्यारपत्रही पुढे केलं जातं. त्यात बिल्डरला कोणते अधिकार मिळतात, ते कधीपासून आणि कुठवर, हे ओळीओळीने पाहावं लागतं. बिल्डरने द्यायचं भाडं थकलं तर काय? काम मध्येच थांबलं तर करार कोणी, किती दिवसांची नोटीस देऊन रद्द करायचा? बँक गॅरंटी किती, आणि ती सोडायची कधी? सभासदांनी या प्रश्नांची उत्तरं करारात लिहून घ्यावीत, आणि ती लिहून झाल्यावरच घराच्या किल्ल्या द्याव्यात.