हळदीच्या डीजेचं पहिलं मशीन

धवलारणीचे, म्हणजे लग्नगीतं म्हणणाऱ्या बाईचे, धवले आटोपले की डीजे सुरू, ही आपल्या नवी मुंबईतल्या घणसोली-ऐरोलीकडची हळद. त्यामुळे इथे बसलेल्या बऱ्याच पोरांना पहिला कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं मशीन, घ्यायचाय. विचारतात काय, तर पॅड किती, लाइट कसे लागतात? ते नंतर बघू. आधी हेडफोनचा जॅक बघा आणि पिच फेडर बघा, म्हणजे गाण्याचा वेग कमीजास्त करणारी सरकपट्टी.

लोक एक गाणं ऐकत असताना पुढचं गाणं फक्त तुमच्या कानात वाजलं पाहिजे. त्याला क्यू म्हणतात. त्यासाठी मशीनमध्येच साउंड कार्ड लागतं, स्पीकरला एक आणि हेडफोनला दुसरा आवाज देणारं. पायोनियरच्या डीडीजे-२०० मध्ये ते नव्हतं. स्प्लिटर केबल लावायची आणि स्पीकरवर मोनो आवाज सोसायचा. जुन्या बाजारात ते स्वस्तात दिसेल, पण घेऊ नका. हेडफोनही वायरचाच घ्या, ब्लूटूथचा आवाज उशिरा पोचतो.

आता पिच फेडर. 'दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं सिंकचं बटण आहे की!' असं कुणीतरी म्हणणारच. सिंक चालतं ते बीट ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरने गाण्यातल्या ठोक्यांवर मारलेल्या खुणांवर, आणि ग्रिड सहसा धरून चालते की गाण्याची लय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे. कॉम्प्युटरवर बनलेल्या गाण्यांना ते ठीक. जुन्या कोळीगीतांत ढोलकी माणसाने वाजवलीय. कडवं रंगलं की हात थोडा पुढे पळतो. दोन गाणी सिंकवर सोडलीत तर मध्येच ठोके एकमेकांवर आदळतात आणि नाचणारे पाय थांबतात. तिथे कानाने ऐकून फेडर केसभर सरकवायचा, जॉग व्हील, म्हणजे मशीनवरची गोल चकती, हलकेच ढकलायचं. म्हणून फेडर लांब हवा, जॉग मोठं हवं. टेक्निक्सच्या १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ या रेकॉर्ड प्लेयरवर उभा पिच फेडर होता, तो याच कामाचा.

खिशात काहीच नसेल तर लॅपटॉपवर मिक्स नावाचं डीजे सॉफ्टवेअर टाका. इंग्रजी नावात एक्स तीन वेळा असलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. कीबोर्डवर सराव करा. दहाएक हजार जमले तर नुमार्कचं डीजे२गो२ टच: साउंड कार्ड आहे, पण फेडर बोटभर. शिकायला चालेल, हळदीला नाही. तीस-पस्तीस हजारांची तयारी असेल तर डीडीजे-एफएलएक्स४. रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरवर चालतं. त्याचा मास्टर आउटपुट, म्हणजे स्पीकरकडे जाणारा आवाज, आरसीए प्रकारच्या जॅकमधून निघतो, मांडववाल्याच्या मिक्सरला लागणारी केबल आपली आपण न्यायची. लॅपटॉपशिवाय पेन ड्राइव्हवर चालणारी मशीनं याहून बरीच महाग. सुपाऱ्या नियमित मिळू लागल्यावर तो विचार.

स्पीकर मात्र घेऊच नका. सोसायटीत वाजवणार कुठे? मांडवातले भाड्याचे असतात, आणि रात्री दहानंतर तेही बंद.

सेकंड हँड घेताना लॅपटॉप स्वतःचा न्या. गाणं लावून प्रत्येक फेडर सावकाश वरखाली करा, हेडफोनचा जॅक हलवून बघा. आवाज खरखरला की भाव करत बसू नका, दुसरं मशीन शोधा.