काटा कोणाचा?

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माझे वडील लासलगावला कांदा न्यायचे, तेव्हा ट्रॅक्टर आधी रस्त्यातल्या एखाद्या भुईकाट्यावर चढवायचे. पावती खिशात घालायची आणि मगच मार्केट गाठायचं. आपल्या मालाचं वजन आपल्याला पहिल्यांदा घेणाऱ्याच्या काट्यावर कळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. आज मी बोलणार आहे ते हेच, फक्त माल वेगळा आहे: नेटवरून उतरवलेलं सॉफ्टवेअर.

आपण लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये, डाउनलोड करतो. तिच्या शेजारी ६४ अंक-अक्षरांची ओळ दिलेली असते. तो एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. फाइलमधला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला, तरी ती ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. उतरलेल्या फाइलचा चेकसम आपण काढायचा आणि त्या ओळीशी ताडायचा: लिनक्सवर 'एसएचए२५६सम' ही कमांड, विंडोजवर 'सर्टयुटिल', मिनिटभराचं काम. एकदा कॉलेजच्या लॅबमध्ये मी हे मिनिट वाचवलं. इन्स्टॉलेशन मध्येच अडकायला लागलं. पेनड्राइव्ह बदलला, मशीन बदललं, रात्रीचे नऊ वाजले. शेवटी चेकसम काढला, तर पहिली दोन अक्षरंच जुळेनात. नेट तुटून फाइल अर्धवट उतरली होती.

तुटकी फाइल पकडायला चेकसम पुरतो. फसवणुकीला पुरत नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या साइटमध्ये घुसखोरी झाली आणि त्याच्या १७.३ सिनॅमन या आवृत्तीची डाउनलोड लिंक चोरदरवाजा घातलेल्या आयएसओकडे वळवली गेली. ज्याच्या हातात साइट गेली, त्याला शेजारचा चेकसम बदलायला कितीसा वेळ लागणार? माल त्याचा, काटाही त्याचाच.

म्हणून सही. प्रकल्पाची माणसं स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने चेकसमच्या फाइलवर सही करतात आणि आपण त्यांच्या जाहीर किल्लीने ती तपासतो. सही तपासणारं जीपीजी हे सॉफ्टवेअर 'गुड सिग्नेचर' म्हणतं, आणि खाली बहुतेकदा इशारा देतं की ही किल्ली खरंच त्या माणसाची आहे याला आधार नाही. बहुतेक जण वरची ओळ वाचून उठतात. माझी कळकळीची विनंती आहे, खालची वाचा. किल्लीही त्याच पानावरून घेतली असेल, तर आपण पुन्हा त्याच काट्यावर उभे आहोत. किल्लीचा ४० अक्षरी ठसा, म्हणजे तिची छोटी ओळखखूण, दुसऱ्या वाटेने मिळवायचा: आधीपासून मशीनवर असलेल्या सिस्टिममधून, किंवा जुन्या रिलीजच्या वेळी जपून ठेवलेल्या किल्लीवरून.

आता २०२४ चं एक्सझेड प्रकरण. एक्सझेड म्हणजे फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला होता तो प्रकल्पात विश्वास कमावलेल्या देखभालकर्त्यानेच. सही अस्सल होती! आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, ते खोदत गेले, म्हणून मार्चअखेरीस हे उघड झालं. चोरदरवाजा जागा करणारा तुकडा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदवहीत, नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटायला बांधलेल्या कोडच्या गाठोड्यात, होता. गिटमधल्या कोडशी तो टारबॉल कुणी ताडून पाहिला असता, तर फरक दिसला असता.

लॅपटॉप आणलेल्यांनी आता थांबा. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराच्या किल्लीचा ठसा मी कागदावर छापून आणलाय. पण माझा कागद हातात घेण्याआधी तो ठसा आपापल्या मोबाइलच्या नेटवरून काढा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून मोठ्याने वाचू.