यादीत नव्हतं म्हणून

(पडद्यावर: सकाळची वेळ, रिकामं पार्किंग. डांबरात बसवलेलं एक गोल लोखंडी झाकण.)

हे झाकण बघा. जेवायच्या ताटाएवढं, रोज शंभर गाड्या वरून जातात आणि कुणाचं लक्षही जात नाही. पान्याने बोल्ट सोडवले की आत एक पाईप दिसतो, साधारण मनगट जाईल एवढा, सरळ खाली जमिनीतल्या पाण्यापर्यंत गेलेला. याला मॉनिटरिंग वेल म्हणतात. ही प्यायच्या पाण्याची विहीर नाही, खालचं पाणी कसं आहे हे कळावं म्हणून मारलेलं भोक आहे, आणि या परिसरात अशी झाकणं जागोजागी आहेत.

आपण अमेरिकेत आहोत, न्यू हॅम्पशर राज्यात, पोर्ट्समथ आणि न्यूइंग्टन या दोन गावांच्या हद्दीवर. इथं १९५६ पासून पीझ एअर बेस होता, शीतयुद्धातली बॉम्बर विमानं इथून उडायची. ३१ मार्च १९९१ ला बेस बंद झाला आणि त्या जागेवर बिझनेस पार्क उभा राहिला, अडीचशेच्या वर कंपन्या, हजारो लोक कामाला, रनवे मात्र अजून चालू, एका बाजूला एअर नॅशनल गार्डची इंधनवाहू विमानं असतात. आणि पाळणाघरं आहेत, कारण आईबाप इथं नोकरीला म्हटल्यावर पोरंही जवळच ठेवणार.

बेस बंद व्हायच्या आधीच इथली जमीन खराब झाल्याचं माहीत होतं. विमानाचे पार्ट धुवायला, ग्रीस काढायला टीसीई नावाचं सॉल्व्हंट वापरायचे, वापरून झालं की ते कुठे टाकीत, कुठे गटारात, कुठे सरळ मातीत. १९७७ मध्ये ते बेसच्या पाण्यात सापडलं. १९९० मध्ये पीझ सुपरफंडच्या यादीत आलं, म्हणजे देशातल्या सगळ्यात वाईट प्रदूषित जागांच्या यादीत, आणि मग माती उपसणं, पाणी उपसून साफ करणं, जुन्या कचराभरावांवर झाकण घालणं असं सगळं वर्षानुवर्षं चाललं. खूप काम झालं, ते नाकारायचं कारण नाही.

आता कायदा असा आहे की साफसफाईनंतरही जमिनीत काही घातक उरलं असेल, तर निदान दर पाच वर्षांनी परत येऊन बघायचं. याला फाइव्ह-इयर रिव्ह्यू म्हणतात. बेस हवाई दलाचा, म्हणून रिव्ह्यूही हवाई दलच करतं. ज्याने घाण केली तोच तपासणार का, असं लोक चिडून विचारतात आणि मला त्यांचा राग रास्त वाटतो, पण रिपोर्ट नंतर ईपीएकडे, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याकडे जातो आणि त्यांना पटलं नाही तर ते आपला वेगळा निष्कर्ष देऊ शकतात.

रिव्ह्यूमध्ये तीन प्रश्न असतात. केलेला उपाय ठरवल्याप्रमाणे चालतोय का? उपाय ठरवताना जी गृहीतकं धरली होती, विषारीपणाचे जे आकडे आणि ज्या मर्यादा होत्या, त्या आजही बरोबर आहेत का? आणि तिसरा, या उपायावर शंका यावी असं दुसरं काही समोर आलंय का? पहिल्या प्रश्नाला मॉनिटरिंग वेलचे आकडे उत्तर देतात, टीसीई किती होतं, किती उतरलं, पंप किती दिवस बंद पडला होता, पानंच्या पानं तक्ते. तिसऱ्याला मात्र तक्ता नाही. त्यासाठी माणसाने मान वर करून आजूबाजूला बघावं लागतं.

आणि पीझची खरी गोष्ट त्या तिसऱ्या प्रश्नात आहे.

(पडद्यावर: आगीच्या ज्वाळांवर पांढरा फेस पसरतोय.)

विमानाचं इंधन पेटलं की पाणी मारून उपयोग नसतो, इंधन पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. त्यासाठी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाने आणि थ्रीएम कंपनीने मिळून एक फोम तयार केला. तो इंधनावर पातळ पापुद्र्यासारखा पसरतो, हवा तोडतो आणि आग गुदमरते. १९६७ मध्ये फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर आग लागून १३४ जण गेले, त्यानंतर असा फोम हाताशी हवाच हे सगळ्यांना पटलं. त्याने जीव वाचवलेत, हेही तितकंच खरं. पण सराव म्हणून बेसवर मुद्दाम खड्ड्यात इंधन ओतून पेटवायचे आणि फोमने विझवायचे, परत पेटवायचे परत विझवायचे, वर्षानुवर्षं, आणि तो सगळा फेस खाली मातीत. पीझवर अशी सरावाची जागा होती, कागदोपत्री तिला साइट ८ म्हणतात.

त्या फोममध्ये पीफास जातीची रसायनं होती, त्यातलं मुख्य पीएफओएस. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट की निसर्गात तो तुटायचं नावच घेत नाही. टीसीईला हवा दाखवली की ते उडून जातं, म्हणून टीसीईवाल्या पाण्यात हवा खेळवून ते साफ करता येतं, पण पीएफओएस असं उडत नाही, हवेच्या त्याच टॉवरमधून पाणी पास होऊन निघेल आणि पीएफओएस जसंच्या तसं त्यात राहील.

१९७७ पासून टीसीईसाठी पाणी तपासत होते. पीएफओएस कुणी तपासत नव्हतं, कारण ते यादीतच नव्हतं.

आणि हे कुणालाच माहीत नव्हतं असंही नाही हो. थ्रीएमने मे २००० मध्येच जाहीर केलं होतं की पीएफओएसचं उत्पादन आपण बंद करतोय. मिशिगनमधला वर्टस्मिथ एअर बेस १९९३ मध्ये बंद झाला, तिथल्या आगीच्या सरावाच्या जागेखालच्या पाण्यात संशोधकांना हीच रसायनं सापडली, सराव थांबून पाच वर्षं उलटल्यावरही, आणि तो पेपर २००३ मध्ये छापून आला. तसाच बेस, तसाच फोम, तशीच खाली वाळू. पीझच्या रिव्ह्यूमधला तिसरा प्रश्न तेव्हाही होताच की.

पीझच्या पिण्याच्या पाण्याच्या तीन वेल होत्या, त्यातली एक हेवन वेल, रनवेच्या जवळची. पाणी पीफाससाठी अखेर तपासलं ते २०१४ मध्ये. हेवनमध्ये पीएफओएस निघालं लिटरला २५०० नॅनोग्रॅम. ईपीएची तेव्हाची तात्पुरती मर्यादा होती २००, म्हणजे साडेबारा पट. मे २०१४ मध्ये वेल बंद केली. तोपर्यंत तेच पाणी ऑफिसच्या कूलरला, कॅन्टीनच्या कॉफीला आणि पाळणाघरातल्या बाटल्यांना.

मर्यादेचंही ऐका. २०१६ मध्ये ईपीएने पीएफओएस आणि पीएफओए, म्हणजे पीफासमधलंच दुसरं एक रसायन, दोन्ही मिळून ७० सांगितली. एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी कायद्याने प्रत्येकी ४ केली. हेवनचा तोच जुना आकडा आजच्या मर्यादेवर लावला तर सव्वासहाशे पट होतो. पाणी तेच, मोजमाप बदललं, म्हणून तो दुसरा प्रश्न, गृहीतकं आजही बरोबर आहेत का, दर वेळी नव्याने विचारावाच लागतो.

(पडद्यावर: हातमोजे घातलेले हात, पारदर्शक नळी, प्लास्टिकची बाटली.)

आता परत झाकणाकडे येऊ. पीफासचं सॅम्पल घेणाऱ्याची तयारी बघण्यासारखी असते. वॉटरप्रूफ जाकीट चालत नाही, त्याच्यावर पीफासचा लेप असू शकतो. कपडे सुती आणि बऱ्याच वेळा धुतलेले. बर्गरचा कागद जवळपास नको, टेफ्लॉनची टेप नको, चिकट चिठ्ठ्याही नकोत. बाटली प्लास्टिकची, कारण ही रसायनं काचेला चिकटतात. पंप अगदी हळू चालवायचा, पाण्याचं तापमान, पीएच, वाहकता एका जागी स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग नवे हातमोजे आणि मग बाटली. शिवाय एक जास्तीची बाटली शुद्ध पाण्याची, तीही तिथंच उघडून भरायची आणि लॅबला पाठवायची, त्यात काही सापडलं तर समजायचं की दोष आपल्या हाताचा. लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे किती, तर वीस ऑलिम्पिक तलावांत एक थेंब. इतकं बारीक मोजायचं असेल तर अंगावरचा शर्टसुद्धा खोटं बोलू शकतो.

२०१४ नंतर हलवलं ते पालकांनी. आमच्या मुलांच्या रक्तात किती आहे ते सांगा, म्हणून त्यांनी पिच्छाच पुरवला, पत्रं लिहिली, मीटिंगांना गेले. २०१५ पासून राज्याने रक्त तपासायला घेतलं, दीड हजारांहून जास्त लोक आले. फोममधल्याच पीएफएचएक्सएस नावाच्या रसायनाचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त निघालं. शरीरातून ते निम्मं व्हायलाच काही वर्षं लागतात. २०१५ मध्येच ईपीएने हवाई दलाला ऑर्डर काढून भूजल साफ करायला लावलं. हेवन वेल रेझिन आणि कार्बनचे फिल्टर बसवून २०२१ मध्ये परत चालू झाली. फिल्टरमध्ये पीफास फक्त अडकतं, संपत नाही, तो भरलेला कार्बन पुढे कुठे जातो हा आणखी एक प्रश्न, आणि रिव्ह्यूत तोही लोकांनी विचारायला हवा असं मला वाटतं.

कारण विचारायला जागा आहे. रिव्ह्यू चालू असताना टीम जागेवर फिरते, स्थानिक लोकांच्या मुलाखती घेते, तुम्हाला काही माहीत आहे का, काही दिसलंय का. पीझसाठी स्थानिकांचं सल्लागार बोर्डही पुन्हा सुरू झालंय, त्यात हवाई दल, ईपीए, राज्याचे अधिकारी आणि गावातली माणसं एका खोलीत बसतात. न्यूइंग्टनमध्ये काही घरांना स्वतःच्या विहिरी आहेत, नळाचं पाणी नाही, आणि त्यांतल्या काहींच्या पाण्यातही ही रसायनं सापडली आहेत. भिंतीवर नकाशा लागतो, जमिनीखालून दूषित पाणी कुठून कुठे सरकतंय ते रंगाने दाखवलेलं असतं. अधिकारी बोलायला लागतो, आणि खुर्च्यांवरची माणसं त्या रंगाच्या कडेला आपलं घर शोधत असतात.