ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यावं की थांबावं?

नमस्कार मंडळी. "नवीन सिरीज येतेय म्हणे, थांबू का?" कार्ड घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. आमचं उत्तर स्पष्ट आहे. ज्यासाठी थांबताय त्याला नाव आणि तारीख असेल तर थांबा. "काहीतरी येणार आहे" म्हणून थांबू नका, कारण या बाजारात काहीतरी कायमच येणार असतं. पण त्याच्याही आधी एक काम आहे. अडचण खरंच कार्डात आहे का, हे आज रात्री अर्ध्या तासात तपासून घ्या.

[स्क्रीनवर: आफ्टरबर्नरची मॉनिटरिंग टॅब]

एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर बसवा. ते फुकट आहे आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनरही बसवा, नाहीतर गेम चालू असताना आकडे दिसणार नाहीत. जीपीयू युसेज (कार्डाची मुख्य चिप किती टक्के कामात आहे ते), टेंपरेचर, कोअर क्लॉक (चिपचा वेग), कार्डाचं मेमरी युसेज आणि प्रोसेसरचे सगळे कोअर एवढं स्क्रीनवर घ्या. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद करा. ते चालू राहिले तर कार्ड मुद्दाम निवांत बसतं आणि तुमचा निष्कर्ष चुकतो. मग जो गेम अडखळतो तोच घ्या, त्यातला सगळ्यात जड भाग निवडा आणि १५-२० मिनिटं खेळा.

जीपीयू युसेज सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण ताकदीनं राबतंय, ते बदलण्यात अर्थ आहे. युसेज ६०-७० वर घुटमळतंय आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मात्र कमी, तर बहुतेक वेळा प्रोसेसर किंवा रॅम मागे पडतेय. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस होते तेवढेच राहिले तर कितीही महाग कार्ड लावा, त्या गेममध्ये फरक पडणार नाही.

अशा वेळी आधी रॅम बघा. ८ जीबीची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी लावा, म्हणजे ड्युअल चॅनेल सुरू होईल, दोन्ही स्टिक एकदम काम करतील. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग, चालू आहे का तेही बघा, कारण कित्येक पीसी जोडून देताना ते तसंच बंद राहतं आणि ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर पळत असते. बी४५० मदरबोर्डावर एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. कार्डाच्या पैशांपेक्षा खूप कमी खर्चात काम होतं.

कार्डावरच्या मेमरीसाठी वेगळी चाचणी आहे. मेमरी युसेज कार्डाच्या मर्यादेला टेकलंय आणि वळताना, नवीन भागात शिरताना झटके बसतात? टेक्स्चर अल्ट्रावरून हाय किंवा मीडियमवर आणा. झटके गेले तर तुम्हाला मेमरी कमी पडतेय, ताकद नाही.

आता आपल्या सोलापूरची गोष्ट, आणि ही नीट ऐका. एप्रिल-मे महिन्यात इथला पारा ४२-४३ च्या आसपास जातो. खोली १० अंशांनी तापली की, पंखा तेवढाच फिरत असेल तर, कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं. म्हणजे जानेवारीत ७३ अंशांवर चालणारं कार्ड मे महिन्यात ८३ च्या घरात जातं, आणि एनव्हिडियाची बरीच कार्डं तिथूनच क्लॉक खाली आणायला लागतात. त्यात पूर्व भागात, यंत्रमागाच्या आसपास घर असेल तर हवेत सुताचे बारीक तंतू असतात. साधी धूळ फुंकरीनं उडते. तंतू मात्र हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकून नमद्यासारखा थर धरतात आणि हवा जाणंच बंद होतं. खोलीतला पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटच्या तोंडावर लावला असेल तर हवेतल्या ओलाव्यानं हा थर आणखी घट्ट होतो. कूलर लावा, पण हवेचा झोत कॅबिनेटवर नको.

म्हणून मे महिन्यात "कार्ड म्हातारं झालं" असं वाटलं तर आधी ते साफ करा. पीसी बंद करून वायर काढा, कार्ड बाहेर काढा, पंखा बोटानं धरून ठेवा आणि ब्लोअर मारा. पंखा मोकळा सोडून हवा मारली तर तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. मग हॉटस्पॉटचं, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं तापमान बघा, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक कार्डांचं दिसतं. नेहमीचं तापमान आणि हॉटस्पॉट यांत २५ अंशांपेक्षा जास्त अंतर असेल तर थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला लेप) सुकली असण्याची दाट शक्यता आहे. वॉरंटी संपलेली असेल तरच कार्ड उघडा. थर्मल पॅड बदलायचे झाले तर मूळ जाडीचेच घ्या. अर्धा मिलिमीटर जाड पॅड लावला की हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं.

[स्क्रीनवर: चार तारखा]

तपासणी झाली, दोष कार्डाचाच निघाला. आता थांबायचं का? आपल्यापैकी बहुतेक जण ज्या ६० च्या वर्गातलं, म्हणजे नावाच्या शेवटी ६० असलेलं एनव्हिडियाचं कार्ड घेतात, त्याच्या तारखा बघा. आरटीएक्स २०६० जानेवारी २०१९, ३०६० फेब्रुवारी २०२१, ४०६० जून २०२३, ५०६० मे २०२५. दर वेळी दोन वर्षांच्या आसपास. आणि सिरीज जाहीर झाली म्हणजे तुमचं कार्ड आलं असं नाही. इकडे आपल्या गड्डा यात्रेची तयारी चालू असते तेव्हा तिकडे लास व्हेगासला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरतं. २०२५ मध्ये ५० ची सिरीज तिथेच जाहीर झाली, पण ५०६० हातात यायला मे उजाडला. ४० ची सिरीज सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाली आणि ४०६० जून २०२३ मध्ये आलं. पहिला मान महाग कार्डांचा असतो. त्यामुळे "सिरीज आली" या बातमीत ४ ते ९ महिने मिळवूनच विचार करा.

बरं, थांबल्यावर भाव उतरतो का? ३०६० ची अमेरिकेतली घोषित किंमत ३२९ डॉलर होती, ४०६० ची २९९, ५०६० चीही २९९. म्हणजे त्या किमतीत ताकद थोडी वाढते, किंमत तिथेच राहते. जुन्या कार्डाचा भाव पडतो तो दुकानात माल उरला असेल तरच. उलटही होतं. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. ग्राफिक्स कार्डावरची मेमरीही त्याच कंपन्या बनवतात, म्हणून १६ जीबीचं कार्ड स्वस्त होईल या आशेवर आज बसून राहणं आम्हाला पटत नाही. जीएसटीचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ ला बऱ्याच वस्तूंवरचा कर घटला, पण ग्राफिक्स कार्डावर आधीही १८ टक्के होता, नंतरही १८ टक्केच आहे.

आमचा हिशोब असा. तुम्हाला हवं तेच मॉडेल तारखेसह जाहीर झालंय आणि ती तारीख दोन महिन्यांच्या आत आहे, तर थांबा. आल्यावरही पहिले चार-सहा आठवडे जाऊ द्या, कारण सुरुवातीला महागडी, ओव्हरक्लॉक केलेली (वेग मुद्दाम वाढवलेली) मॉडेलंच पुढे येतात. नुसती बाहेर फुटलेली, कंपनीनं जाहीर न केलेली बातमी असेल तर सोडून द्या. एनव्हिडियाची जुनी जीटीएक्स १०५०, १०६० वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट: एनव्हिडियाने त्या पिढीसाठीचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. जुने गेम चालत राहतील, नवीन गेममधली अडचण मात्र कोणी दुरुस्त करणार नाही. जीटीएक्स १६५० आणि १६६० यात येत नाहीत, घाबरू नका.

आणि नुसतं व्हॅलोरंट खेळत असाल तर थांबण्याचा किंवा घेण्याचा प्रश्नच नाही, आहे ते कार्ड पुरे. तसंच टॉवेल-चादरीच्या डिझाइनचं किंवा फ्लेक्सचं टू-डी काम असेल तर कार्डाचे पैसे रॅम आणि एसएसडीत घाला. लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्यांचं गणित वेगळं. कॅमेऱ्यात एच.२६५, १०-बिट, ४:२:२ असं फूटेज असेल तर आरटीएक्स ३० किंवा ४० ची कार्डं ते हार्डवेअरवर उलगडत नाहीत, ५० च्या सिरीजपासून ते जमतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरात अंतर्गत ग्राफिक्स आहे, त्यांनाही जमतं. टाइमलाइन अडखळते म्हणून ४० चं कार्ड घेऊन ठेवलं तर अडखळणं तसंच राहील.

[कॅमेऱ्यासमोर: जुना पॉवर सप्लाय हातात, लेबल दिसेल असा]

कार्ड निवडलं तरी बाकीचा पीसी त्याला पेलतो का? या सप्लायच्या लेबलावर ४५० वॉट लिहिलंय. तो आकडा बघू नका. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर आहेत ते बघा आणि १२ नं गुणा. १८ अँपियर असतील तर २१६ वॉट झाले. ५०६० एकटं १४५ वॉट घेतं, प्रोसेसरला ८०-९० धरा, आणि सप्लाय संपला. असा सप्लाय गेम सुरू झाल्यावर बंद पडतो, किंवा जळताना बोर्डही घेऊन जातो. अशा वेळी थांबाच, पण सप्लायचे पैसे जमेपर्यंत. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का असलेला) नावाजलेला सप्लाय पुरतो. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीतून कार्डासाठी ८ पिन काढणारा जोड कधीही लावू नका. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉट देऊ शकतो, ८ पिन १५० वॉट मागू शकतो, आणि प्लॅस्टिक वितळतं. घरचा ६०० व्हीए चा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, नव्या कार्डासह तो काठावर येतो. वीज गेली की पीसी धाडकन बंद होत असेल तर १००० व्हीए घ्या.

अजून एक सापळा. ४०६०, ५०६०, ५०६० टीआय यांना पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्याच्या, आठच लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) आहेत. नवव्या पिढीचा इंटेल, बी४५० बोर्ड, किंवा बी५५० वर रायझन ५ ५६००जी असेल तर तुमचा स्लॉट जेन ३ वर, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या पिढीवर चालतो. आठ लेन आणि जेन ३ म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की उरलेला डेटा याच अरुंद वाटेनं ये-जा करतो आणि झटके बसतात. अशा पीसीला एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी चांगलं, त्याला सोळा लेन आहेत. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीमुळे मोहात पाडतं, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो. दहाव्या पिढीआधीच्या इंटेलवर ते घेऊ नका.

जुनं कार्ड घेताय? विकणाऱ्याच्या समोर फरमार्क हे कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर १५ मिनिटं चालवा, स्क्रीनवर ठिपके-रेघा येतात का बघा, सगळे पोर्ट तपासा, जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव जुळवा. आरएक्स ५८० असेल तर शेडर (चिपमधले छोटे गणन-भाग) २३०४ हवेत, २०४८ दिसले तर ते कमी ताकदीचं मॉडेल आहे, भाव त्या हिशोबानं द्या. नवीन घेताना बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे की कार्ड पुण्याला पाठवावं लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा. दोन-तीनशे रुपये जास्त पडले तरी वॉरंटीचं काम स्वतः करून देणारा दुकानदार आम्ही निवडू.

कमेंटमध्ये विचारताना "कोणतं कार्ड घेऊ" एवढंच लिहू नका. प्रोसेसर, बोर्ड, रॅमच्या स्टिक किती, सप्लायचे १२ व्होल्टचे अँपियर, मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि गेममध्ये दिसलेलं जीपीयू युसेज लिहा. तेवढ्यावरून नक्की सांगता येतं.